बेचाळीस इंची बंदोबस्त

महिला सुरक्षा समितीच्या बैठकीला सात पुरुष अगदी वेळेवर आले होते. आठव्या शिवलीला मॅडम. त्या त्याच नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या, आणि समितीत बाई असावी लागते म्हणून त्यांना घेतलं होतं. इतिवृत्त लिहायचं काम त्यांच्याकडं होतं. चहाचं सांगायलाही त्याच उठल्या, आणि त्या दाराबाहेर पडताच अध्यक्षांनी बैठक सुरू केली.

भिंतीकडच्या खुर्चीवर शरणबसव कापडाच्या नमुन्यांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. तो समितीत नव्हता. सोलापूरच्या भवानी पेठेत त्याचा गणवेश शिवायचा छोटा कारखाना होता: सहा मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि बायको राजेश्वरी, जिच्याशिवाय बाकीचं काहीच चाललं नसतं. कॉलेजच्या मुलींचे गणवेश गेली नऊ वर्षं तोच शिवायचा. सुरक्षेच्या बैठकीला शिंप्याला का बोलावलंय, हा प्रश्न त्याला घरून निघताना पडला होता. पाच मिनिटांत उत्तर मिळालं.

विषय गंभीर होता. दुसऱ्या वर्षाच्या आरोही नावाच्या मुलीनं लेखी तक्रार दिली होती. सात रस्ता चौकाच्या स्टॉपवर ती आपल्या गावच्या, वळसंगच्या, गाडीची वाट बघत उभी असते. तिथं महिनाभर एक मोटरसायकलवाला येतो, मुलींच्या अंगाला हात लावतो, ओढणी खेचतो, गाडी आडवी घालतो. तिनं तारखा लिहिल्या होत्या, वेळा लिहिल्या होत्या आणि शेवटी मोटरसायकलचा नंबरही लिहिला होता. एवढ्यावर कुणालाही पुढं काय करायचं ते समजलं असतं. समितीला मात्र त्यासाठी कापड लागत होतं.

"नंबर वगैरे पोलिसांचं काम झालं," अध्यक्ष गुरुसिद्धप्पा म्हणाले. "आपल्या हातात काय हाय, ते आपण बघू."

हातात मुली होत्या.

खजिनदार तात्याबांनी तक्रार वाचली, नंबरापाशी जरा जास्त वेळ थांबले, मग कागदाची घडी घालून तो फायलीत सगळ्यांत खाली ठेवला. प्राचार्य हिंदुराव सरांनी घसा साफ केला. मुलींचा सध्याचा गणवेश गुलाबी आहे, आणि गुलाबी रंग लांबून दिसतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. एकानं पांढरा सुचवला, दुसऱ्यानं तो पारदर्शक म्हणून खोडला. निळ्यात फार टवटवी असते, असं तिसऱ्याला वाटलं. अर्ध्या तासाच्या विचारमंथनानंतर एकमतानं ठरलं, की गणवेशावरून मातकट तपकिरी रंगाचा लांब कोट घालायचा. सोलापूरच्या धुळीत मुलगी वेगळी दिसूच नये.

"दिसलीच न्हाय, तर तरास कुणाला देणार?" हिंदुराव सर म्हणाले, आणि स्वतःच्याच बुद्धीवर खूश होऊन मागं टेकले.

शरणबसवलाही ते पटलं. खोटं कशाला सांगा, त्याचं मत समितीपेक्षा काही निराळं नव्हतं. सकाळी पेपरात अशी एखादी बातमी आली, की मुलगी किती वाजता बाहेर होती ते तो आधी शोधायचा. रात्रीचे नऊ असले तर म्हणायचा, "नऊला बाहेर काय काम असतं?" भर दुपार असली तर म्हणायचा, "रस्ता सामसूम असताना जायचंच कशाला?" सकाळी दहा वाजताची, गजबजलेल्या बाजारातली बातमी असली, की पान उलटायचा.

म्हणून त्यानं नमुन्यांचं पुस्तक उघडलं आणि आपण होऊन सल्ला दिला. "टेरीकॉट घेऊ, जाड. कॉलर बंद गळ्याची. बाही मनगटापर्यंत. आणि मागं कमरेला एक पट्टा देतो, म्हंजे ढगळ दिसणार न्हाय."

"लांबी?" गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

"बेचाळीस इंच बास होतंय."

"बघा," अध्यक्ष इतरांकडं वळून म्हणाले, "सामान्य माणसालासुद्धा समाजाची किती कळकळ आहे." शरणबसवला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात शिवलीला मॅडम चहा घेऊन आल्या, आणि महिलांची सुरक्षा पक्की झाल्याचं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ट्रे ठेवला, फायलीच्या तळातला कागद काढून घेतला आणि काही न बोलता वही पुढं ओढून लिहायला बसल्या.

माप घ्यायला नवरा-बायको दोघं कॉलेजात गेले. टेप राजेश्वरीकडं, वही शरणबसवकडं. पडद्याच्या अलीकडं तो पाठ करून बसायचा, आतून ती आकडे सांगायची.

"बाही बावीस. खांदा चौदा. लांबी..."

"लांबी नको सांगू. सगळ्यांची बेचाळीस. समितीनं ठरवलंय."

"अहो, उंची सगळ्यांची सारखी हाय का?"

"अब्रू सारखी असते की," शरणबसव म्हणाला. वाक्य हिंदुराव सरांचं होतं, पण आवडल्यामुळं त्यानं ते आपलं करून टाकलं होतं. पडद्याआड कुणीतरी मुलगी फिसकन हसली. तिची उंची चार फूट दहा इंच होती, म्हणजे बेचाळीस इंचांत तिची अब्रू पार घोट्यापर्यंत येणार होती.

मग आरोहीची पाळी आली. नाव ऐकून शरणबसवनं कान टवकारले. तक्रार करणारी मुलगी जरा आगाऊ असणार, असा त्याचा अंदाज होता. आवाज मात्र साधा होता, वळसंगकडचा.

"काका, एक इचारू?"

"इचार की."

"त्या दिवशी माझ्या अंगावर गणवेश होता. त्याच्यावर अ‍ॅप्रन होता. ऊन हाय म्हणून हातमोजे होते, आन् डोक्यातोंडाला स्कार्फ गुंडाळलावता. निस्ते डोळे उघडे होते. तर ह्या कोटात तुमी डोळ्यांचं काय करणार?"

शरणबसवचं पेन थांबलं. असल्या प्रश्नाचं उत्तर नमुन्यांच्या पुस्तकात नव्हतं. त्यानं वडीलकीचा सूर लावला. "बाळ, जग वाईट हाय. आपण आपलं जपून राहावं. डोळे खाली ठेवून चालावं."

"डोळे खाली ठिवले तर गाडीचा नंबर कसा वाचू, काका?"

राजेश्वरीनं आतून आकडा सांगितला, मोठ्यानं, दोनदा. शरणबसवनं तो चुकीच्या रकान्यात लिहिला.

घरी जाताना स्कूटरवर तो म्हणाला, "पोरगी लई बोलते." राजेश्वरी मागं बसली होती. ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं एवढंच सांगितलं, की आरोहीनं घरी अजून कळवलेलं नाही. कळवलं, तर बाप म्हणेल, बास झालं शिक्षण.

"बरोबरच हाय की त्याचं," शरणबसव म्हणाला. "काळजी वाटणारच बापाला."

राजेश्वरी पुन्हा गप्प झाली. बावीस वर्षांच्या संसारात या गप्प बसण्याचा अर्थ त्यानं कधी लावला नव्हता. त्याला ते समंजसपणाचं लक्षण वाटायचं.

कारखान्यात कोटांचं काम सुरू झालं. मशिनीवर सहा बायका. त्यांतली सगळ्यांत जुनी बसम्मा, साठीची, डोक्यावरचा पदर झोपेतही ढळत नसेल अशी. शरणबसवची एक जुनी तक्रार होती, की कारखान्यातल्या टाचण्या टिकत नाहीत. डबी भरून ठेवावी, आठ दिवसांत निम्मी. बायकांना हातचलाखीची सवयच असते, असं तो म्हणायचा, हसत हसत, म्हणजे कुणाला राग यायला नको.

एका संध्याकाळी काम सुटायच्या वेळी तो पट्ट्यांच्या बकला शोधायला मागच्या खोलीत गेला, तर राजेश्वरी डबी उघडून उभी. घरी निघालेली प्रत्येक बाई पुढं येत होती आणि ती प्रत्येकीच्या हातावर दोन-दोन टाचण्या ठेवत होती.

"हे काय चाललंय?"

"देते त्यांना," राजेश्वरी म्हणाली. "गेली कित्येक वर्षं देते. चोरत कुणी न्हाय."

"कशाला?"

बसम्मानं टाचणी पदराच्या काठात आतल्या बाजूनं खोचली. "बसमदी लागतंय की, अण्णा. मागून कोण चिकटलं तर."

शरणबसवला हसू आलं. "तुला? ह्या वयात?"

एकीची मशीन अजून चालू होती, तीही बंद झाली. बसम्मानं चपला घातल्या. "त्यांस्नी वय कुटं वाचता येतंय, अण्णा," ती म्हणाली आणि गाडी चुकेल म्हणून निघाली.

बायका गेल्यावर शरणबसव कटिंगच्या टेबलाशी उभा राहिला. समोर तपकिरी कापडाचे थर होते. "तुला पण?" त्यानं विचारलं.

"आता तुमच्या स्कूटरवर बसून येते. पयलं अक्कलकोटला माहेरी एकटी जायची-यायची, तवा लागायच्या."

"मला कधी बोलली न्हाईस."

"बोलले होते. लगीन झाल्यावर पयल्याच वर्षी." राजेश्वरीनं डबीचं झाकण लावलं. "तुमी इचारलं, कुटली साडी नेसलीवतीस."

शरणबसवला हे अजिबात आठवेना. राजेश्वरीला साडी आठवत होती. मोरपंखी होती. त्यानंतर तिनं ती बहिणीला देऊन टाकली होती.

इथं शरणबसवचे डोळे उघडले आणि त्यानं कातर टाकून दिली, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. रात्री त्याला झोप जरा उशिरा लागली, एवढंच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कापायला बसला. कॉलेजचं काम होतं, मुदत होती, आणि गुरुसिद्धप्पांनी चार माणसांत कौतुक केलं होतं. मार्चअखेर दीडशे कोट पोचते झाले. वाटपाच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलीला कोट देताना अध्यक्षांचा फोटो काढला गेला, आणि हिंदुराव सरांनी 'सुरक्षित कन्या' या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं. पंखे पुरुषांच्या बाजूला होते.

एप्रिलात सोलापूर तापलं. बेचाळीस इंची कोट आणि बेचाळीस डिग्री ऊन, असा चोख बंदोबस्त झाला. पहिल्याच आठवड्यात दोन मुली वर्गात चक्कर येऊन पडल्या. नर्सिंगच्याच मुली असल्यामुळं उपचाराला बाहेर जावं लागलं नाही, ही त्यातली जमेची बाजू.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला शरणबसव सात रस्त्याला आला होता. एका शाळेच्या सदऱ्यांना निळी बटणं हवी होती, आणि ती मिळणारं दुकान तिथंच होतं. बटणांची पुडी घेऊन तो दुकानाच्या पायरीवर आला. समोर रस्त्यापलीकडं स्टॉप. स्टॉपवर पाच-सहा तपकिरी कोट. आपला माल अंगावर कसा बसलाय, हे बघायला तो थांबला. शिंपी माणसाची खोड.

सिग्नलकडून एक मोटरसायकल आली. वर पंचविशीतला पोरगा, शर्टाची वरची तीन बटणं उघडी. त्या बटणांवर कुठल्या समितीची बैठक झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

"ए तपकिरी!" तो लांबूनच ओरडला.

पूर्वी त्याला गर्दीत कॉलेजच्या मुली शोधाव्या लागत असतील. आता ती अडचण उरली नव्हती. समितीनं त्याच्यासाठी खुणा करून ठेवल्या होत्या. त्यानं गाडी मुलींच्या पुढ्यातून एकदा नेली, वळवली, पुन्हा आणली, आणि जाता जाता एकीच्या कमरेचा मागचा पट्टा मुठीत धरून खेचला. मुलगी मागं ओढली गेली, तोल गेला, गुडघ्यावर आपटली.

शरणबसवच्या मनात पहिला विचार आला तो हा, की पट्टा निघाला नाही. दुहेरी टीप मारली होती.

दुसरा विचार यायला किती वेळ लागला ते त्याला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. मुलगी उठली. स्कार्फमधून नुसते डोळे दिसत होते. त्याच डोळ्यांवरून त्यानं ओळखलं, ही आरोही असणार, कारण ते खाली वळले नव्हते. ते गाडीच्या नंबराकडं बघत होते. स्टॉपवर आणखी माणसं होती. रसाच्या गाडीवाला होता, तीन रिक्षावाले होते, बाकावर पेपर वाचणारे दोन सद्गृहस्थ होते. सुरक्षेला मनुष्यबळ कमी नव्हतं. सगळे बघत होते. शरणबसवही त्यांच्यातलाच एक होता, बटणांची पुडी हातात धरून पायरीवर उभा.

गाडी तिसऱ्यांदा वळून आली, तेव्हा तो रस्त्यात उतरला. एका टेम्पोवाल्यानं त्याला शिवी दिली. तो थेट गाडीपुढं जाऊन उभा राहिला, आणि पोरानं ब्रेक दाबताच हात घालून त्यानं किल्ली काढून घेतली. गाडी फुसफुसून बंद पडली.

"ओ काका, डोकं फिरलंय काय? किल्ली द्या."

"न्हाय देत."

"तुमची कोण लागते ती?"

लेक म्हणावं तर लेक नव्हती. बहीण म्हणावं तर वय बसत नव्हतं. शरणबसवच्या तोंडातून निघून गेलं, "गिऱ्हाईक हाय माझं!"

कुणीतरी हसलं. पण आता माणसं जमा झाली, आणि जमल्यावर त्यांना वाचाही फुटली. बाकावरचे सद्गृहस्थ आरोहीला म्हणाले, "पोरी, जरा आत सावलीला उभं राहायचं. असं पुढं उभं राहिलं की होतंच." दुसऱ्यांनी विचारलं, "तुझ्याच मागं का लागला पण?" रसवाल्याला रोज हेच चालतं हे ठाऊक होतं. तेवढं त्यानं सांगितलं आणि लगेच गिऱ्हाइकाकडं वळला.

आरोहीनं पोलिसांना फोन लावला, आणि कॉलेजला लिहून दिलेला नंबर पुन्हा एकदा, न बघता, पाठ म्हणून दाखवला.

आलेल्या पोलिसांत एक महिला हवालदार होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं, कुणी केलं, कुणी बघितलं. इतके साधे प्रश्न ऐकून शरणबसव चकितच झाला. साक्षीदार म्हणून त्यानं सही केली. जबाबात नाव आलं तेव्हा कळलं, की पोरगा सयाजी, खजिनदार तात्याबांचा पुतण्या. तक्रारीच्या कागदाची ती घडी शरणबसवच्या डोळ्यांपुढं आली.

दुसऱ्याच दिवशी महिला सुरक्षा समितीची तातडीची बैठक भरली. मुलींसाठी महिनाभर न सुचलेली तातडी पुतण्यासाठी एका रात्रीत सुचली होती. या वेळी शरणबसवची खुर्ची भिंतीकडं नव्हती. मधोमध ठेवलेली होती.

"तुमी तितं काय करत होता?" गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

"बटणं घ्यायला गेलो होतो."

"बटणं भवानी पेठेत मिळत न्हाईत?"

"निळी, चार भोकाची..."

"दुपारी दोनला?" हिंदुराव सर पुढं झुकले. "मुलींच्या सुटण्याची वेळ दोनच आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं, पण..."

"आणि एकटेच होता."

"बटणं घ्यायला कितीजण जातात, सर?"

"उलट बोलू नका. पन्नाशीला आलेला माणूस, मुलींच्या स्टॉपसमोर पायरीवर उभा राहून त्यांच्याकडं बघत होता. बघत होता ना? लोक काय अर्थ काढतील? उद्या उठून कुणी तुमच्यावरच आळ घेतला, तर चूक कुणाची?"

शरणबसव काहीतरी सांगत होता आणि प्रत्येक सांगण्याचा पुरावा त्याच्याच विरुद्ध जमा होत होता. कशाला गेला, तेव्हाच का गेला, तिथंच का थांबला. काल मोटरसायकलसमोर उभा राहताना त्याला एवढी भीती वाटली नव्हती. राजेश्वरीची मोरपंखी साडी एकदम त्याच्या मनात आली, आणि ती कशी बोलायची थांबली असेल, तेही.

तात्याबा आतापर्यंत खाली मान घालून बसले होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाकी काय का असंना. पोरीनं तवा घातलं काय होतं?"

खोलीत पंखा फिरत होता. शरणबसवनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग अध्यक्षांकडं, मग सरांकडं. कुणाच्याही चेहऱ्यावर काही चुकल्याची खूण नव्हती. प्रश्न सगळ्यांना अगदी योग्य वाटला होता.

"सांगतो की," शरणबसव म्हणाला. "टेरीकॉटचा कोट. रंग मातकट तपकिरी. कॉलर बंद गळ्याची. पुढं सात बटणं, साती लावलेली. बाही बावीस इंच, मनगटापर्यंत. मागं पट्टा, दुहेरी टीप. आतनं गणवेश, त्याच्यावर अ‍ॅप्रन. तोंडाला स्कार्फ. लांबी बेचाळीस इंच. कोट तुमी ठरवला, रंग ह्यांनी सांगितला, आन् कापड निवडून शिवला मी."

कोपऱ्यातून शिवलीला मॅडमचा आवाज आला. "लांबी पुन्हा सांगता का? इतिवृत्तात लिहिते."

"बेचाळीस."

"आणि अध्यक्ष," वहीचं पान मागं उलटत त्या म्हणाल्या, "पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात मी गाडीचा नंबर लिहून ठेवला होता. तुम्ही खाली सही केलीय. पोलिसांनी वहीची प्रत मागितली, सकाळीच दिली मी."

गुरुसिद्धप्पांचा चेहरा बदलला. मग ते हसले, उठले, शरणबसवच्या खांद्यावर हात ठेवून कन्नडवर आले. घरचं बोलायचं असलं की ते कन्नडवर यायचे. "होगली बिडरी, शरणबसव. सोडून द्या. आपली माणसं आपण. पोराकडून माफी लिहून घेऊ. तुमी जबाब परत घ्या. पुढच्या वर्षीचं काम तुमच्याकडंच हाय."

शरणबसव शूर नव्हता. त्याला मशिनी आठवल्या, सहा बायका आठवल्या, मुलगा वीरेशच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आठवलं. त्यानं खांद्यावरचा हात हलकेच बाजूला केला. "माझी चूक झाली, अध्यक्ष," तो म्हणाला, आणि गुरुसिद्धप्पा खूश झाले. "माप घ्यायचं होतं एकाचं. मी दीडशे पोरींचं घेऊन बसलो."

तो उठून बाहेर आला. चहा तसाच राहिला.

पुढं जे व्हायचं ते झालं. कॉलेजचं काम दुसऱ्या शिंप्याकडं गेलं. सयाजीला अटक झाली, जामीन मिळाला, खटला उभा राहिला आणि तारखा पडू लागल्या. तो सात रस्त्याला यायचा थांबला. तात्याबांनी समितीचा राजीनामा दिला, प्रकृतीच्या कारणावरून. कोट रद्द झाले, पण चूक म्हणून नव्हे, उन्हाळ्यानिमित्त. त्याऐवजी मुलींनी एक किलोमीटर पुढच्या स्टॉपवर जाऊन उभं राहावं, असं परिपत्रक निघालं. मुली गेल्या नाहीत. त्या सात रस्त्यालाच उभ्या राहिल्या, गुलाबी गणवेशात, आणि दुपारी दोनला शिवलीला मॅडम त्यांच्यासोबत उभ्या राहू लागल्या. आरोहीच्या वडिलांनी अपेक्षेप्रमाणं शिक्षण बास केलं होतं. राजेश्वरी आणि मॅडम दोनदा वळसंगला जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला तिची आई बजाबाई नवऱ्याला म्हणाली, "गुन्हा त्यानं केला, आन् घरात हिनं बसायचं व्हय?" आरोही परत आली. नवऱ्यासमोर एक पूर्ण वाक्य बोलायला तिच्या आईला वीस वर्षं लागली होती, असं राजेश्वरीनं येताना सांगितलं.

या सगळ्यात एक माणूस राहिला होता. शरणबसवचा मुलगा वीरेश. एकोणीस वर्षांचा. पोरींनी कसं वागावं याचे डझनभर नियम शरणबसव सांगू शकत होता. पोराला त्यानं आजवर एकच सांगितलं होतं, गाडी हळू चालव.

एका संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला. "त्या सयाजीला ओळखतोस का रे?"

वीरेशनं भाकरी मोडायचं थांबवलं. "तोंडओळख हाय. चहाच्या टपरीवर असतो तो."

"तो हे करतो, माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, अप्पा."

"आन् तू?"

"मी कधी कुणाला काय केलं न्हाय," वीरेश घाईनं म्हणाला. "मी आपला नुसता उभा असतो."

शरणबसवचा हात उगारला जायच्या बेतात होता. तो तसाच ताटाकडं परत गेला. "मी पण नुसताच उभा होतो," तो म्हणाला. "लई वेळ."

राजेश्वरी वाढत होती. तिनं दोघांच्या ताटात आमटी घातली आणि या वेळी गप्प बसली नाही. "सांग त्यांना," ती मुलाला म्हणाली. "आणखी काय माहीत हाय ते सांग."

वीरेशनं पोरींना तसाच त्रास देणाऱ्या आणखी दोघांची नावं सांगितली. त्यांतलं एक मागच्याच गल्लीतल्या पोराचं होतं. रोज सकाळी "नमस्कार काका" म्हणणाऱ्या, पायात चप्पल नसली तरी कपाळाला विभूती असणाऱ्या.

शरणबसवनं हात धुतले आणि सदरा चढवला. "चल. त्याच्या बापाकडं जाऊन येऊ."

"आत्ता? आठ वाजलेत, अप्पा."

"आठ वाजेनात का. आपण पुरुष हाय. बाहेर कशाला पडलात म्हणून कोण इचारणार?"

राजेश्वरीनं गॅस बंद केला. "थांबा," ती म्हणाली, "मीपण येते," आणि चप्पल घालून दोघांच्या आधी पायऱ्या उतरली.